आबांनी पाहिलेलं कॉलेज

आबा माझ्यासाठी कॉलेज पाहायला निघाले त्या दिवशी त्यांच्या कापडी पिशवीत माझी बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकरी आणि कागदात बांधलेला ठेचा होता. पाण्याची बाटली नव्हती. हे मला आज आठवतं. तेव्हा त्याकडे लक्ष जाण्याचं काही कारण नव्हतं.

आमचं गाव एरंडोल तालुक्यात, हमरस्त्यापासून थोडं आत. घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथं मी बरंचसं सोपं करून लिहिते आहे, पण आबांची काही वाक्यं मला बदलवत नाहीत. ती तशीच ठेवते.

आबा एका जिनिंगमध्ये कापूस पाहायचे. शेतकऱ्यांच्या गाड्या आवारात लागल्या की गाडीवर चढायचं, कापसात हात कोपरापर्यंत खुपसायचा आणि आतला मूठभर कापूस बाहेर काढायचा. दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून ओढायचा, लांबी बघायची. गालाला लावून ओल बघायची. "वरना कापूस बठ्ठासना चांगलाच राहस," असं ते म्हणायचे. वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो. या एका वाक्यावर त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि माझ्या थोरल्या बहिणीचं लग्नही याच वाक्यावर जमवलं.

अक्काला स्थळं येत होती तेव्हा मी सहावीत असेन. आबा मुलाकडच्यांना न कळवता त्यांच्या गावी जायचे. पिठाच्या गिरणीवर बसायचे, न्हाव्याकडे दाढी करून घ्यायचे, त्या घराच्या मागच्या बाजूनं एक चक्कर मारायचे. मग काहीतरी निमित्त काढून घरात जायचे आणि पाणी मागायचे. पाणी कोण आणतं, किती वेळानं आणतं, तांब्या कसा ठेवतं, एवढं बघून परत यायचे. एक चांगलं बागायतदार घर त्यांनी असंच सोडलं. आईनं विचारलं, काय वाईट आहे त्यात? आबा म्हणाले, "घरात दोन सुना आहेत. मी तासभर बसलो. एकीचाही आवाज ऐकला नाही."

अक्का शेवटी पारोळ्याजवळच्या एका साध्या घरात गेली. आबा पाहायला गेले तेव्हा तिथली मोठी सून सासऱ्याला म्हणत होती, "साखर संपलीय. चहा हवा तर तुम्हीच घेऊन या." आणि सासरा चपला घालून खरंच निघाला होता. आबांनी तिथल्या तिथं मनात होकार दिला.

दोन वर्षांनी आई गेली. घरात आबा आणि मी उरलो.

दाखल्यावर मी मुलगा आहे. मी मुलगी आहे हे मला फार लवकर कळलं होतं, आबांना सांगायला मात्र बारावीचा निकाल हाती यावा लागला. आम्ही ओट्यावर तूर निवडत होतो. मी सुपात बघत सांगितलं. त्यासाठी पाठ केलेली वाक्यं ऐन वेळी आठवली नाहीत, तीनचार शब्दांतच संपलं. आबा तूर निवडत राहिले. सूप रिकामं झालं तेव्हा उठून आत गेले. तीन दिवस आम्ही जेवण आणि गुरांपुरतंच बोललो. त्या तीन दिवसांत आमचे एक चुलते घरी येऊन गेले. गावात कुजबुज आधीपासून होतीच. ते आबांना म्हणाले, "आबा, असल्यांचे त्यांचे लोक असतात. तिकडे जाऊ द्या. तुम्ही तरी किती दिवस झाकाल?" आबांनी त्यांना चहा दिला आणि कपाशीच्या बियाण्याचा विषय काढला.

चौथ्या दिवशी सकाळी मला विचारलं, "तुले शिकानं शे ना?"

मी हो म्हटलं.

"मंग चाल. कॉलेज पाही येऊत."

तालुक्याच्या ज्या कॉलेजात बारावी केली तिथं परत जायचं नाही, हे आम्ही न बोलताच ठरवलं होतं. बारावीच्या शेवटच्या चार महिन्यांत मी फार तर वीस दिवस वर्गात गेले असेन. स्टँडपासून माझ्यामागे टाळ्या वाजवत येणारी पोरं होती, आणि ती रोज होती. अभ्यास मी घरीच केला. गुण चांगले पडले. पण पुढची तीन वर्षंही घरात बसून काढली असती, तर मी पुन्हा कधी दाराबाहेर पडले असते असं वाटत नाही. मला फार काही नको होतं. एक बाक हवा होता, ज्यावर रोज जाऊन बसता येईल.

जळगावच्या गाडीत कंडक्टरनं आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे केस खांद्यापर्यंत आले होते, अंगात ढगळ शर्ट होता. बायकांना अर्धं तिकीट नुकतंच सुरू झालं होतं. "एक फुल, एक हाफ?" त्यानं विचारलं. सहजच विचारलं.

"दोन पूर्ण," आबा म्हणाले.

गिरणा नदीचा पूल येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दोन शब्दांचा अर्थ तेव्हा मी एकच लावला होता.

जळगावात त्या दिवशी आम्ही दोन कॉलेजं पाहिली. पहिल्याच्या ऑफिसला काचेचं दार होतं आणि आतला माणूस अतिशय गोड बोलणारा होता. फॉर्ममध्ये तिसरा रकाना आहे, त्यामुळे आपल्याकडे काहीच अडचण नाही, असं त्यानं तीनदा सांगितलं. मग आवाज खाली आणून आबांना म्हणाला, "फक्त एक आहे काका. रोज वर्गात यायलाच हवं असं नाही. हजेरीचं आम्ही बघून घेऊ. परीक्षेला आलं की झालं. बाकीच्या मुलांचे पालकही असतात ना."

आबांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. त्या माणसानं हातानं जिन्याकडे दाखवलं. जिन्याखाली पाण्याची टाकी होती आणि स्टुलावर एक म्हातारा शिपाई बसला होता. आबा पाणी प्यायले आणि त्याच्या शेजारीच खाली बसले. कुठले, काय, पाऊसपाणी, असं बोलणं झालं. शिपाई अमळनेरकडचा निघाला. मग आबांनी हळूच माझ्याकडे मान करून विचारलं. शिपायानं मला नीट पाहून घेतलं, पण त्या पाहण्यात वाईट काही नव्हतं.

"मागच्या साली एक होतं असं," तो म्हणाला. "गरीब बिचारं. दिवाळीनंतर दिसलं नाही. कुणी विचारलंही नाही, कुठं गेलं म्हणून."

आबा उठले, काचेच्या दारातून आत गेले आणि टेबलावरची माझी कागदपत्रं उचलून घेऊन आले.

दुसऱ्या कॉलेजात बाई प्रामाणिक होत्या. जिल्हाधिकाऱ्यांकडचं तृतीयपंथी असल्याचं प्रमाणपत्र आणा, मग बघू, म्हणाल्या. प्रमाणपत्राला किती दिवस लागतील ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि प्रवेशाची मुदत संपत आली होती. इथं पाणी मिळालं, पण मागितल्यावर दहा मिनिटांनी. आम्ही स्टँडवर बाकावर बसून भाकरी खाल्ली. आबांनी ठेच्याचा कागद चारी बाजूंनी नीट उलगडला आणि मधोमध ठेवला.

"दोन्ही वरनाच कापूस," ते म्हणाले, आणि थोडं हसले. मला हसू आलं नाही. मी मनात घरी परतण्याची तयारी केली होती. कपाटातली पुस्तकं कोणत्या क्रमानं पुन्हा वाचायची, इथपर्यंत मी आले होते.

आठवड्यानं आम्ही उलट्या दिशेला निघालो, धुळ्याला. पारोळा, मुकटी, फागणे. रस्ताभर आबा बाहेरच्या शेतांकडे बघत होते. धुळ्यातल्या दोन ठिकाणी नुसतं फाटकातून बघूनच ते परत फिरले. कारण विचारलं तर म्हणाले, "गुरखा पोरींच्या अंगावर ओरडत होता."

तिसरं कॉलेज शहराबाहेर होतं. बसक्या इमारती, बाभळीची झाडं, फाटकासमोर एक चहाची टपरी. आबा टपरीवर बसले ते उठेचनात. एक चहा झाला, दुसरा झाला. टपरीवाला बोलका होता. आबा त्याला विचारत होते, इथली माणसं कशी आहेत, मास्तर लोक पोरींशी बोलतात कसे, संध्याकाळी किती वाजता फाटक बंद होतं, कुणी दारू पिऊन येतं का. टपरीवाल्यानं थोडा वेळ उत्तरं दिली. मग चहा गाळताना थांबून म्हणाला, "भाऊ, सोयरीक करनी शे का?"

आबांनी जरा विचार केला. "तसंच समज," ते म्हणाले.

"मग आधी नाही का सांगायचं?" टपरीवाला खूश झाला. "मराठीचे एक सर आहेत. बिनलग्नाचे. स्वभावानं गाय. फक्त चहा पिताना पुस्तक वाचतात आणि चहाचे पैसे द्यायचे विसरतात. ते बघा, आलेच."

सडपातळ अंगाचे एक सर सायकल हातात धरून फाटकातून आत गेले. आबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"शिकवतात कसे?"

टपरीवाला गोंधळला. "ते मला काय माहीत भाऊ. पण पोरी त्यांच्या तासाला पळत जातात, उशीर झाला तर."

आम्ही आत गेलो. ऑफिसच्या खिडकीपाशी चार मुली कारकुनाशी भांडत होत्या. ओळखपत्रावरचे फोटो बदलून आले होते, एकीच्या नावाखाली दुसरीचा चेहरा. "सर, मी काय हिच्यासारखी दिसते का?" एक विचारत होती. "माझं लग्न मोडेल." कारकून म्हणत होता, "अगं मोडू दे ना, शिक की जरा." सगळ्या हसत होत्या, तोही हसत होता, आणि भांडण चालूच होतं. आबा भिंतीला टेकून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"आठे पोरी भांडतस," ते मला म्हणाले. इथं पोरी भांडतात. मग कारकुनाकडे न जाता त्यांनी पाणी कुठं मिळेल ते विचारलं, आणि कुणीतरी आम्हांला ग्रंथालयाकडे पाठवलं.

ग्रंथालयाच्या मॅडम साठीच्या आसपासच्या होत्या. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा त्या एका फाटलेल्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होत्या. आबांनी तोंड उघडायच्या आधी त्या उठल्या, माठातून दोन पेले भरले आणि खळ लागलेली बोटं बाजूला ठेवत आमच्या हातात दिले. आबांनी एक पेला संपवला आणि आणखी एक मागितला. मी कपाटांकडे बघत होते. जुन्या पुस्तकांचा वास आमच्या घराच्या कपाटालाही होता, पण इथं तो खोलीभर होता.

"काय वाचतेस?" मॅडमनी विचारलं.

मला विचारलं. उत्तर द्यायला मला वेळ लागला. दिलं तेव्हा त्यांनी दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "प्रवेश झाला की ही न्यायची. नाही झाला तर इथं बसून वाचायची."

प्राचार्यांकडे त्याच घेऊन गेल्या. ते थकलेले दिसत होते. आबांनी जे सांगायचं ते त्यांना अडखळत सांगितलं. प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, मला यातलं फार कळत नाही," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "तुला काय काय लागेल ते तूच सांग. जमेल ते लगेच करू. नाही जमणार ते नाही म्हणून सांगेन."

मी दोनच गोष्टी सांगितल्या. हजेरीला आडनावानंच हाक मारावी. आणि दुसरी सांगताना मान वर झाली नाही. मॅडम मध्येच म्हणाल्या, "ते माझ्याकडे. शिक्षिकांच्या प्रसाधनगृहाची चावी माझ्या टेबलाच्या खणात असते. विचारायचं नाही, घ्यायची आणि परत ठेवायची."

परतीच्या गाडीत आबांनी पुन्हा दोन पूर्ण तिकिटं घेतली. फागणे गेलं तशी त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली. पारोळ्यापर्यंत मी हललेही नाही.

ते कॉलेज स्वर्ग होतं असं मी म्हणणार नाही. एका मास्तरांनी तीन वर्षांत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, प्रश्न विचारायला हात वर केला तरी. पहिल्या वर्षी टाळ्या इथंही ऐकल्या. पण इथं टाळ्या वाजल्या तेव्हा त्या ओळखपत्रवाल्या चौघींतली एक मागे वळून म्हणाली, "काय रे, भजन आहे का?" आणि ती पोरंच ओशाळली. बाक मिळाला. खिडकीजवळचा, तिसऱ्या ओळीतला. ते मराठीचे सर खरंच चांगलं शिकवायचे. टपरीवाला पुढे कितीतरी दिवस मला विचारायचा, "त्या सोयरिकीचं काय झालं गं? तुझे आबा परत बोललेच नाहीत." मी म्हणायचे, पत्रिका जुळली नाही.

मी दोन नर्सिंगच्या मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते. आबा महिन्यातून एकदा यायचे. भाकरी, ठेचा, हंगामात भरताची वांगी, कधी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. आणि आता त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली असायची.

पहिल्यांदा आले तेव्हा मॅडमनी हौसेनं त्यांना ग्रंथालयात बसवलं, माठातून पेला भरून पुढे केला. आबांनी हात जोडले. "नको माय." चहा मागवला, तोही नको. मग बाहेर येऊन फाटकाजवळच्या बाकावर बसले आणि पिशवीतून आपली बाटली काढून प्यायले. टपरीवर जाऊन चहा प्यायले. टपरी फाटकाबाहेर होती. आत त्यांनी काहीच घेतलं नाही.

मला वाटलं, आज तहान नसेल. पण दर महिन्याला तेच झालं. ज्या माठातला दुसरा पेला त्यांनी मागून घेतला होता, त्याच माठाला आता ते हात लावत नव्हते. माझ्या खोलीवर आले तर उंबऱ्याच्या आत येऊन बसायचे, पण मी भरलेला पेला तसाच राहायचा. तोपर्यंत मी सलवार-कुर्ता घालू लागले होते, केस लांब झाले होते. मी हिशोब सोपा मांडला. कापडी पिशवीतून दाखला घेऊन फिरणारे आबा एका मुलाचे बाप होते. आता समोर जी आहे तिच्या हातचं त्यांना चालत नाही. येतात ते कर्तव्य म्हणून.

दुसऱ्या वर्षी मला निबंधाचं बक्षीस मिळालं. आबा धुतलेलं धोतर नेसून आले, मागच्या रांगेत बसले. कार्यक्रमानंतर मॅडमनी पेढा दिला. आबांनी तो घेतला, रुमालात बांधला आणि खिशात ठेवला. सगळे खात होते. मी ते लांबून पाहिलं आणि मग बाकापाशी त्यांना गाठलं.

"इतका विटाळ वाटतो तर येता कशाला, आबा?"

त्यांच्या हातात बाटली होती. झाकण उघडं होतं. त्यांनी ते हळूहळू फिरवून लावलं, पिशवीत ठेवलं. माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलतील असं वाटलं. "बसनी येळ व्हयनी," बसची वेळ झाली, एवढंच म्हणाले आणि फाटकातून बाहेर पडले.

पुढच्या महिन्यात ते आले. पिशवीत भाकरी, ठेचा, बाटली. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. आमच्या घरात गोष्टी अशाच मिटतात. म्हणजे मिटत नाहीत, पण त्यांच्यावर काहीतरी अंथरलं जातं.

गेल्या हिवाळ्यात, ऐन कापसाच्या दिवसांत, आबा जिनिंगच्या आवारात गेले. एका गाडीत हात घातला, कापूस काढला, आणि गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले. लोक म्हणतात, मुठीत कापूस तसाच होता. मी पोहोचले तोवर मूठ उघडलेली होती.

अंत्यविधीला मी बायकांमध्ये उभी होते. कुणी हलवलं नाही. ते चुलतेही होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. अक्कानं माझा हात धरून ठेवला होता.

तेरावा झाल्यावर आम्ही दोघी आबांची पिशवी उघडून बसलो. जानेवारीत ते धुळ्याला यायचे होते, त्याआधीच्या फेरीनंतर पिशवी खुंटीला तशीच होती. आत दुमडलेलं वर्तमानपत्र, चष्म्याचं रिकामं घर, आणि बाटली. अर्धी भरलेली. मी ती बाजूला सरकवली आणि अक्काला सांगून टाकलं. त्या माठाचं, पेढ्याचं, मी बाकापाशी जे बोलले त्याचं. म्हटलं, त्यांना शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी चाललं नाही.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येडी शेस का तू? आंडेरना घरनं पानी बाप पेत नही."

आंडेर म्हणजे लेक. लेक दिली त्या घरचं पाणी बाप पीत नाही. आमच्याकडे जुनी माणसं हे अजून पाळतात. आबा अक्काच्या गावी जायचे तेव्हाही हीच बाटली घेऊन जायचे, ओसरीवर बसून तीच तोंडाला लावायचे. लहानपणी मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, कारण मात्र कधी विचारलं नव्हतं. स्थळ पाहायला जाताना पाणी मागून प्यायचं, आणि लेक दिली की त्या घराचा थेंबही घ्यायचा नाही. धुळ्याच्या त्या कॉलेजात आबा दोन पेले पाणी प्यायले, ते पाहायला गेलेला बाप म्हणून. नंतर प्यायले नाहीत, कारण त्यांच्या लेखी मी तिथं दिलेली होते.

"तो पेढा त्यांनी मला आणून दिला," अक्का म्हणाली. "म्हणाले, तू खा, तुझ्या बहिणीकडचा आहे, मला चालत नाही. मी तुला फोनवर सांगणार होते. मला काय माहीत, तुला माहीत नाही ते."

मी बाजूला सरकवलेली बाटली पुन्हा जवळ ओढली. मग तिला आणखी एक आठवलं. लेकीला पहिलं मूल झालं की बाप तिच्या घरी पाणी प्यायला मोकळा होतो. अक्काला मुलगा झाला तेव्हा बारशाच्या दिवशी आबांनी तिच्या हातून तांब्याभर पाणी घेतलं होतं. गेल्या वर्षी ते अक्काकडे गेले असताना त्यांनी तिला विचारलं होतं, "हिचं काय धरायचं? हिला मूल कुठून होणार?" दोघांनी मिळून बराच विचार केला. मग अक्कानंच सुचवलं, पदवीचा कागद हातात आला की फिटलं असं धरा. आबांना ते पटलं. मॅडमच्या माठातलंच पिईन, म्हणाले. पाणी गोड आहे तिथलं.

मी ते वाक्य तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं.

मी धुळ्याला परत आले तेव्हा गाडीत कंडक्टरनं काही न विचारता हातात अर्धं तिकीट दिलं. आबा दोन पूर्ण का घ्यायचे, ते मात्र अक्कालाही माहीत नाही. भर गाडीत मला कुणी प्रश्न विचारू नये म्हणून असेल. की तेव्हा त्यांचं मन अजून तयार झालं नसेल. दोन्ही खरं असू शकतं. विचारायला आता कुणी नाही, आणि मला उत्तराची तितकी घाईही राहिलेली नाही. मला फक्त ते विचारायचं होतं. त्यांच्या समोर बसून, ठेच्याचा कागद मध्ये ठेवून.

वाचायला मी ग्रंथालयातच बसते. मॅडम आता निवृत्त होऊनही रोज सकाळी येतात, जुन्या पुस्तकांना खळ लावतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातल्या पुस्तकाला खळ लावून घेतली. दुसऱ्या दिवशी माठाच्या बाजूला एक तांब्या ठेवलेला दिसला, घासून चकचकीत केलेला. पेल्यांच्या शेजारी तो जरा वेगळाच दिसतो. नवी मुलं विचारतात, हा कुणाचा? मॅडम म्हणतात, एक पाहुणे यायचेत.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली. निकाल लागायचा आहे. कधीकधी दुपारी पुस्तकातून मान वर होते आणि खिडकीतून फाटकाजवळचा तो बाक दिसतो. त्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं, बहुतेक प्रवेशासाठी आलेले पालक, मांडीवर पिशव्या. त्यांतला एखादा पाण्याची बाटली काढतो आणि माझं बोट ओळीवर तसंच राहतं.

आबांची बाटली माझ्या खोलीत आहे. तिच्यात आमच्या गावचं पाणी अजून अर्धं आहे. मी ते ओतलेलं नाही. पदवीचा कागद मिळेल त्या दिवशी ती घेऊन कॉलेजात जाईन. गावचं पाणी बाकामागच्या बाभळीला घालीन, आणि मग आत जाऊन बाटली माठातून भरीन. काठोकाठ भरीन. ती घेऊन पारोळ्याच्या गाडीत बसेन, अक्काला सोबत घेईन, आणि आम्ही दोघी गावी जाऊ.